तेरा काकिणींची खिचडी

वाटेतला एक प्रवासी वाण्याच्या दुकानाशी येऊन उभा राहतो. तांदळाचा भाव द्रम्माला साडेतीन माने, मुगाचा द्रम्माला आठ माने. प्रवाशाच्या कनवटीला तेरा काकिणी आहेत. तो म्हणतो, एवढ्याचे दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग दे. लवकर दे, लवकर खाऊन निघायचे आहे, तांडा पुढे निघून जाईल. 'लीलावती'तल्या मिश्रव्यवहाराचे हे उदाहरण. शिजणाऱ्या पदार्थाचे नाव भास्कराचार्यांनी घेतलेले नाही, पण दोनास एक तांदूळ-मूग, वाटेतला मुक्काम आणि निघायची घाई यातून खिचडीखेरीज दुसरे काय होणार? रायपूरच्या गोल बाजारात किराणा घेताना मला हा प्रवासी हमखास आठवतो. हिशेबाच्या दृष्टीने तांडा पुढे गेला काय आणि मागे राहिला काय, उत्तरात फरक पडत नाही. तरीही तो तांडा आहे. शार्दूलविक्रीडितासारख्या भारदस्त चालीच्या वृत्तात 'लवकर' हा भाव एकाच चरणात दोनदा येतो आणि श्लोकाची धांदल उडते. गणित सोडवणाऱ्यालाही मग रेंगाळावेसे वाटत नाही.

आता आकड्यांकडे पाहू. चौसष्ट काकिणींचा एक द्रम्म, म्हणजे प्रवाशाकडे द्रम्माचा १३/६४ भाग आहे. दोन माने तांदळाला पडतात ४/७ द्रम्म, एक मान मुगाला १/८. दोन्ही मिळून ३९/५६. इथे जरा थांबायचे. एकोणचाळीस म्हणजे तीन तेरा. कनवटीला तेराच काकिणी का, बारा किंवा पंधरा का नाहीत, त्याचा उलगडा इथे होतो. चौसष्ट आणि छप्पन्न या दोघांनाही आठाने भाग जातो. तेराने तेरा गेले, आठाने आठ गेले, हाती उरले ७/२४. एवढे माने मूग, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ७/१२ माने तांदूळ. त्या साताचेही काम अजून संपलेले नाही. तांदळाचा भाव साडेतीन, म्हणजे साताचा निम्मा. म्हणून तांदळाची किंमत काढताना सातही उडतात आणि उरतो द्रम्माचा नेमका सहावा हिस्सा. काकिणींत सांगायचे तर तांदळाचे दहा आणि दोन तृतीयांश, मुगाचे दोन आणि एक तृतीयांश. बेरीज तेरा. ज्यांना औटकी तोंडपाठ होती त्यांना साडेतीनाचा हा फेर मनातल्या मनात जमला असता. आपण कागद घेतला तरी चार ओळींत आटोपते. घाईतल्या माणसाला अजिबात न खोळंबवणारे हे आकडे आहेत.

'लीलावती' शके १०७२ची, म्हणजे इ. स. ११५०ची. 'सिद्धान्तशिरोमणी' रचला तेव्हा भास्कराचार्यांचे वय छत्तीस होते, आणि 'लीलावती' हा त्याचा पाटीगणिताचा भाग. लीलावती त्यांची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, ही गोष्ट फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. ती गोड आहे, पण आपल्याला आज तिच्यात पडायचे नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या पुस्तकात कुठेही 'क्ष मानू' होत नाही. अव्यक्त राशींसाठी भास्कराचार्यांनी 'बीजगणित' हा भाग वेगळा लिहिला. इथे चालते ते त्रैराशिक: प्रमाण, फल आणि इच्छा एका ओळीत मांडायचे, दोन्ही टोकांना एका जातीच्या राशी, मधे फल, इच्छेने फलाला गुणायचे, प्रमाणाने भागायचे. जग जसे विष्णूने व्यापले आहे तसे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, असे भास्कराचार्य एके ठिकाणी म्हणतात. त्रैराशिक शिकवायला एक वाक्य पुरते. त्याची गोडी मात्र उदाहरणे रचणाऱ्याच्या हातात असते, आणि तो हात कसा चालतो हे उत्तराच्या मागे धावणाऱ्याला दिसत नाही.

छत्तीसगडच्या माणसाला जवळचे वाटावे असे उदाहरण तांदळाचेच आहे. उत्तम साळीचा तांदूळ, एक खारी आणि वर तिचा अष्टमांश, दोन द्रम्मांना मिळतो; तर सत्तर पणांना किती, चटकन सांगा. उत्तर दिले आहे ते असे: दोन खारी, सात द्रोण, एक आढक, दोन प्रस्थ. हे चार तुकडे पाहिले की मुले दचकतात. कुठेतरी चुकले असे त्यांना वाटते. पण कोष्टक लावून पाहा. सोळा द्रोणांची खारी, चार आढकांचा द्रोण, चार प्रस्थांचा आढक. म्हणजे खारीत प्रस्थ २५६. तिचा अष्टमांश ३२, एकूण २८८. आणि दोन द्रम्म म्हणजे बत्तीस पण. दोनशे अठ्ठ्याऐंशींना बत्तीसने भागा: पणाला नऊ प्रस्थ! सारे उदाहरण एवढ्यातच आहे. सत्तर पणांना सहाशे तीस प्रस्थ. त्यांना खारी-द्रोणांत बांधले की वरचे चार तुकडे तयार. आता त्या अष्टमांशाकडे पुन्हा पाहा. तो नसता तर पणाला आठ प्रस्थ आले असते आणि सारा मामला दोनाच्या पटींतच फिरत राहिला असता. वाण्याने वरकड घातल्यासारखा दिसणारा तो अष्टमांश आठाचे नऊ करतो, आणि उदाहरणाला चव येते ती त्या नवामुळे.

आमच्याकडे धान काठा नावाच्या मापाने मोजत: वीस काठ्यांची खंडी, वीस खंड्यांचा गाडा. भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात स्थिरावलेल्या मराठी घरांच्या तोंडी खंडी आधीपासूनच होती. आता धान चाळीस किलोंच्या कट्ट्यात भरून खरेदी केंद्रावर जाते, एकरी २१ क्विंटलांच्या मर्यादेत. दोन एकरवाल्याचे ४२ क्विंटल, म्हणजे नेमके १०५ कट्टे. इथपर्यंत आकडे कसे सरळ येतात. मग गिरणीचा हिशेब येतो. शंभर किलो धानाला ६७ किलो अरवा, म्हणजे न उकडलेला, तांदूळ, हे सरकारी भरडाईचे गुणोत्तर. सदुसष्टाला कशानेही भाग जात नाही, म्हणून त्या १०५ कट्ट्यांचा तांदूळ २८ क्विंटल १४ किलो असा खडबडीत येतो. सरकारला उदाहरणाच्या सौंदर्याशी काय कर्तव्य! उसन्याला, म्हणजे उकडलेल्या तांदळाला, ६८ धरतात, आणि अडुसष्ट मात्र भास्कराचार्यांचा आवडता निघाला असता. ते कसे, हे पुढे येईलच.

सगळे आकडे ते सरळ करतात असेही नाही. त्रेसष्ट पले उंची कापूर १०४ निष्कांना, तर सव्वाबारा पलांचे किती? उत्तर निघते २० निष्क, ३ द्रम्म, ८ पण, ३ काकिणी, ११ कवड्या आणि एका कवडीचा नववा हिस्सा. गोम अशी, की वीस निष्कांनंतर दोन नवमांश उरतात, आणि सोळा द्रम्मांचा निष्क, सोळा पणांचा द्रम्म, चार काकिणींचा पण, वीस कवड्यांची काकिणी या पायऱ्यांपैकी एकीतही तीन हा अवयव नाही. त्यामुळे तो नवमांश निष्कापासून कवडीपर्यंत सोबत उतरत येतो आणि शेवटपर्यंत हटत नाही. कवडीचे नऊ तुकडे कुणी करत नाही. मालच असा आहे, की त्याचा हिशेब कवडीच्याही खाली जावा, ही थट्टा मला फार आवडते.

आता भागीदारीचे उदाहरण. तीन व्यापाऱ्यांनी ५१, ६८ आणि ८५ असे भांडवल एकत्र करून धंदा केला, त्याचे ३०० झाले. प्रत्येकाच्या वाट्याला किती? आपल्या पुस्तकांतही अशी उदाहरणे असतात: दोन संख्यांचे गुणोत्तर ३:५, बेरीज ६४. तिथे गुणोत्तर उघडेच समोर ठेवलेले असते, चौसष्टाला आठाने भागायचे की संपले. भास्कराचार्य गुणोत्तर सांगतच नाहीत. वर श्लोकात एक्कावन्न येतात ते 'पन्नासाला एक जोडून', आणि पंच्याऐंशी येतात 'नव्वदातून पाच काढून'. आकडा कानावर येतो तोही आडवळणाने. तिन्ही आकडे एकमेकांचे कुणी लागत नाहीत असे वाटते. पण सतराचा पाढा म्हणून पाहा: सत्रा त्रिक एक्कावन्न, सत्रा चोक अडुसष्ट, सत्रा पाचे पंच्याऐंशी. तीन, चार, पाच! काटकोन त्रिकोणाच्या बाजू म्हणून ज्यांना शाळकरी पोरही ओळखते, तेच तिघे व्यापाऱ्यांच्या वेषात उभे आहेत. बारा हिस्से, तीनशेंचे पंचवीस-पंचवीस. वाटे ७५, १०० आणि १२५, नफा २४, ३२ आणि ४०. सतराच का घेतले? कारण सतराचा पाढा आपल्या तोंडात सहज बसत नाही. पाच-सहाची पट घेतली असती तर झाकलेले लगेच दिसले असते.

माझ्या मते कारागिरीचा कळस मात्र लाकडाच्या फळ्यांच्या जोडउदाहरणात आहे, आणि त्याकडे सहसा कुणी वळत नाही, कारण आकडे पाहूनच छाती दडपते. तीस फळ्या, बारा अंगुळे जाडी, सोळा अंगुळे रुंदी, चौदा हात लांबी, किंमत शंभर निष्क. तर जाडी, रुंदी, लांबी प्रत्येकी चाराने कमी असलेल्या चौदा फळ्यांची किंमत काय? हे झाले नवराशिक. नव्या फळ्या आठ जाड, बारा रुंद, दहा लांब. एका बाजूला चौदा, आठ, बारा, दहा; दुसऱ्या बाजूला तीस, बारा, सोळा, चौदा. गुणाकार करायला धावू नका, नुसते पाहा. नव्या फळ्यांची संख्या चौदा आणि जुन्यांची लांबी चौदा, गेले. नव्यांची रुंदी बारा आणि जुन्यांची जाडी बारा, तेही गेले. सोळातून चार वजा केले की बारा येतात, आणि बारा आधीपासून समोर बसलेले आहेत, ही सोय सोळा निवडतानाच करून ठेवलेली. उरले ऐंशी विरुद्ध चारशे ऐंशी. सहावा हिस्सा. किंमत सोळा आणि दोन तृतीयांश निष्क.

आता लगेच पुढचा श्लोक, एकादशराशिक. पहिल्या फळ्या एक गव्यूती अंतर वाहून नेण्याचे गाडीभाडे आठ द्रम्म. तर दुसऱ्या फळ्या सहा गव्यूती नेण्याचे भाडे किती? अकरा राशी मांडायच्या म्हणजे पाटी भरून जाते. पण लाकूड सहाव्या हिश्शाचे आणि अंतर सहापट. भाडे तेच, आठ द्रम्म. एवढा खटाटोप करून गाडीवान जिथे होता तिथेच! नवराशिकात मिळालेला सहावा हिस्सा ज्याने जपून ठेवला त्याला हे उत्तर पाटी न उचलता येते. ज्याने ठेवला नाही तो सगळे गुणाकार पुन्हा करतो आणि आठावर येऊन चकित होतो. दोघांनाही आनंद आहे, पण पहिल्याचा अधिक खानदानी. उत्तर न बदलणे हेच उत्तर असावे, आणि त्यासाठी सर्वांत अवजड उदाहरण खर्ची घालावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या मिश्किलपणाला तोड नाही.

व्यस्त त्रैराशिकाच्या उदाहरणापाशी मात्र रस आटतो. वय वाढले की किंमत घटते हे शिकवण्यासाठी तिथे सोळा वर्षांच्या स्त्रीचे मोल बत्तीस निष्क धरून वीस वर्षांच्या स्त्रीचे विचारले आहे, आणि त्याच पंगतीत जुंपायचा बैल आहे. माणसांची खरेदी-विक्री तेव्हा बाजारात चालत होती, एवढाच त्याचा अर्थ. त्याच प्रकरणात धान्याच्या राशीचे निर्मळ उदाहरण आहे: सात आढकांच्या मापाने शंभर मापे भरली, तर पाच आढकांच्या मापाने किती? एकशे चाळीस. मुलांना शिकवताना तेच घ्यावे.

रत्नांच्या उदाहरणात आणखी वेगळीच गंमत आहे. चार जवाहिऱ्यांकडे अनुक्रमे आठ माणके, दहा नीलम, शंभर मोती आणि पाच हिरे. स्नेहापोटी प्रत्येकाने इतर तिघांना आपले एकेक रत्न दिले, आणि चौघांची संपत्ती सारखी झाली. तर एकेका रत्नाचे मोल सांगा. चौघांनी देवाणघेवाण केल्यावर प्रत्येकाजवळ प्रत्येक जातीचे निदान एक रत्न आहेच. ते एकेक बाजूला ठेवा. मग उरतात चार माणके, सहा नीलम, शहाण्णव मोती आणि एक हिरा, आणि हे चारही ढीग किमतीने सारखे. मोत्याला एक धरले तर नीलम सोळा, माणिक चोवीस, हिरा शहाण्णव. प्रत्येकाची संपत्ती २३३. पण मोत्याला एकच का धरायचे? दोन धरा, दहा धरा, सारे जमते. उदाहरणात निष्क नाही, द्रम्म नाही, म्हणून खरे मोल ठरूच शकत नाही. ठरते ते फक्त गुणोत्तर. भास्कराचार्य ते लपवत नाहीत, मनाला येईल ती इष्ट संख्या घ्या असे नियमातच सांगतात. दोन वस्तूंची किंमत ठाऊक नसतानाही त्यांचे नाते पक्के ठाऊक असू शकते, हे मुलाला कळवायला याहून देखणे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

सोन्याचे उदाहरण आमच्या सदर बाजारातल्या सराफालाही पटेल. दहा, चार, दोन आणि चार माष वजनाचे सोने, कस अनुक्रमे तेरा, बारा, अकरा आणि दहा वर्णांचा. एकत्र आटवले तर कस किती? शुद्ध सोन्याचे तेव्हा सोळा वर्ण, जसे आपले चोवीस कॅरट. श्लोकात हे आकडे शब्दांनी येतात: तेराला विश्व, बाराला अर्क, अकराला रुद्र, दहाला दिशा, दोनाला लोचन. आणि चार दोनदा आले आहेत म्हणून पहिल्यांदा वेद, दुसऱ्यांदा युग. तोच शब्द पुन्हा वापरायचा नाही. वजनाला कसाने गुणून बेरीज केली की २४० येतात, आणि वजन वीस. म्हणून कस बारा. इथपर्यंत ठीक. पुढे विचारतात, शुद्ध करताना वीसचे सोळा माष उरले तर कस किती? पंधरा. आणि सोळा वर्णांचे, म्हणजे बावनकशी झाले, तर वजन किती उरेल? पंधरा! दोनशे चाळीस हलत नाहीत; सोळा आणि पंधरा नुसती जागा बदलतात. मुशीत जळते ते हीण, सोने तेवढेच राहते, ही सोनाराची गोष्ट एका गुणाकारात सांगून झाली.

भास्कराचार्यांच्या पश्चात त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. तो सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. शके ११२८च्या सुमाराचा तिथला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत, आणि त्यांत गावच्या बाजारातून मठाला काय मिळावे ते लिहिले आहे: ग्राहकाकडून दामामागे एक विसोवा, म्हणजे विसावा भाग. ज्या मठात 'लीलावती' शिकवायची त्याच्या खर्चाची तजवीज अशी त्रैराशिकानेच केली होती.

रायपुरात स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांना तोटा नाही. तिथे अनुपाताचे उदाहरण अर्ध्या मिनिटात उडवायला शिकवतात, आणि पोटापाण्यासाठी ते शिकावेच लागते. मराठी वाचकांसाठी ना. ह. फडक्यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' आहे. घरी कुणी नववी-दहावीत असेल तर ते मिळवून त्रैराशिक आणि मिश्रव्यवहाराची प्रकरणे तेवढी शेजारी बसून वाचावीत, दिवसाला एक उदाहरण, उत्तर झाकून. सुरुवात विनिमयाच्या उदाहरणाने करा. बाजारात तीनशे आंबे एका द्रम्माला आणि तीस पिकली डाळिंबे एका पणाला मिळतात. तर दहा आंब्यांच्या बदल्यात डाळिंबे किती? एक, असे उत्तर आले आणि ते इतके सुबक आले म्हणून बरोबर वाटले, तर सोळा पणांचा द्रम्म होतो हे आठवून पुन्हा मांडा.